विषबाण बेडूक : रानातील ओळख

डेंड्रोबेटिडी कुलातील लहान, बहुधा दिवसा वावरणारे बेडूक. मूळ प्रदेश मध्य अमेरिका व दक्षिण अमेरिकेचा उष्ण भाग. हवाईतील ओआहू बेटावर डेंड्रोबेटिस ऑराटस ही जाती १९३२ मध्ये माणसाने सोडली. सह्याद्रीत आढळणारा कोणताही रंगीत बेडूक या कुलातला नव्हे.

नावातील बाणाचा धनुष्याशी संबंध नाही; तो फुंकनळीचा तीर होय. त्यासाठी विष वापरल्याची भरवशाची नोंद फायलोबेटिस प्रजातीतील तीनच जातींची आहे, तीही पश्चिम कोलंबियातील एंबेरा या आदिवासी लोकांकडून. यांपैकी फायलोबेटिस टेरिबिलिसचे शास्त्रीय वर्णन १९७८ मध्ये झाले. तिच्या जिवंत बेडकाच्या पाठीवर तीर घासून घेत. विष बेडकाच्या शरीरातच तयार होते, हे जुने मत आता मागे पडले आहे. फळमाश्यांवर पोसलेल्या पाळीव पिढीच्या त्वचेत ही अल्कलॉइडे (विषारी द्रव्ये) सापडत नाहीत, तेव्हा ती रानातील मुंग्या व कोळीवर्गीय बारीक माइट यांतून येत असावीत. फायलोबेटिसच्या बॅट्राकोटॉक्सिन या विषाचा उगम मात्र भुंगेऱ्यांत असण्याकडे कल आहे, कारण न्यू गिनीत तेच विष मेलिरिडी कुलातील भुंगेऱ्यांत मिळाले.

ओळखताना रंगाचा आधार सर्वांत शेवटी घ्यावा. ऊफागा प्युमिलिओ कोस्टा रिकात लाल अंगाचा व निळ्या पायांचा असतो. पनामातील बोकास देल तोरोच्या बेटांवर तीच जाती हिरवी, पिवळी, निळी किंवा ठिपकेदार दिसते. म्हणून आधी ठिकाण पाहावे. कोस्टा रिकात ऊफागा प्युमिलिओ कॅरिबियन उतारावर, तर त्याच्यासारखाच, पण खरबरीत पाठीचा ऊफागा ग्रॅन्युलिफेरा नैर्ऋत्येकडील पॅसिफिक बाजूस. पट्ट्यांच्या जोडीतही तसेच : फायलोबेटिस लुगुब्रिस कॅरिबियन बाजूला, फायलोबेटिस व्हिटाटस पॅसिफिक बाजूच्या गोल्फो दुल्से या आखाताच्या परिसरात. डेंड्रोबेटिस ऑराटस दोन्ही उतारांवर मिळतो, त्यामुळे तेथे उताराचा उपयोग नाही. पण त्याची हिरवी-काळी नक्षी सहसा पुरते.

दुसरी खूण बोटांच्या टोकांवर. प्रत्येक चकतीच्या वरच्या बाजूस शेजारी-शेजारी दोन छोट्या ढाली असतात. क्रॉगॅस्टर गैगेई हा पट्टेदार बेडूक हुबेहूब लुगुब्रिससारखा दिसतो, पण त्याला या ढाली नसतात. मात्र २००६ मध्ये वेगळ्या काढलेल्या अ‍ॅरोमोबॅटिडी कुलातही त्या असतात, म्हणजे ढाल दिसली की काम संपले असे नाही. पाठीवर भैकेर (बेडकाची शेपटीवाली पिले) घेतलेला प्रौढ या दोन्ही कुलांत आढळतो.

प्युमिलिओ जेमतेम १७ ते २४ मिमी. पायवाटेवरून काढलेल्या फोटोत ढाली कधीच दिसत नाहीत. पुढच्या पंजाचा जवळून, वरून एक फोटो हवा, शिवाय पाठ व कुशीचा. ओल्या त्वचेवर फ्लॅश चमकतो आणि लाल रंग नारिंगी भासतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवून सावलीत, तिरक्या कोनातून टिपावे. मापासाठी नाणे बेडकाजवळ सरकवू नये. तो गेल्यावर त्याच पानावर ठेवून दुसरा फोटो घ्यावा. बेडूक हातात घेऊ नये. डास पळवणाऱ्या मलमाचा हात त्याच्या त्वचेला बाधतो, आणि त्याचे विष माणसाच्या जखमेतून किंवा तोंडावाटे जाऊ शकते. डेंड्रोबेटिस व फायलोबेटिस १९८७ पासून साइटीस या वन्यजीव व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. चोरट्या व्यापारामुळे फोटोसोबत नेमके स्थान जाहीर न करण्याची पद्धत आहे.