मिठाच्या पाकिटात सायनाइड असतं का?

"पाकिटातल्या मिठात सायनाइड असतं, रोज थोडं थोडं विष पोटात जातं" हा फॉरवर्ड आमच्या कोपरखैरणेच्या सोसायटी ग्रुपवर अधूनमधून फिरतोच, आणि नाव वाचून कोणीही दचकेल, मीपण दचकलो होतो.

पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच ब्रँडवर अँटिकेकिंग एजंट ५३६ असं दिसेल (काहीजण दुसरं काहीतरी वापरतात). ५३६ म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड. पावसाळ्यात आपल्याकडे बरणीतल्या मिठाचा दगड होतो ना, तो होऊ नये म्हणून.

आता नाव सोडा, रचना बघा. मधोमध लोखंडाचा एक अणू, त्याला वर, खाली आणि चार बाजूंनी असे सहा सायनाइड (कार्बन-नायट्रोजनची जोडी) कार्बनच्या टोकाने चिकटलेले, आणि इतके घट्ट की पाण्यात विरघळलं तरी हा गठ्ठा अख्खाच राहतो. मोकळं सायनाइड घातक, कारण ते पेशींच्या एन्झाइममधल्या लोखंडाला जाऊन धरतं. इथे ते आधीच लोखंडाला धरून बसलंय. तापवलं तर? ४०० अंशांच्या आसपास तुटतं, भजीचं तेल १८०-१९० वर असतं. गरम तीव्र ॲसिडमध्ये तुटतं हे खरं, पण आमटीतलं कोकम तेवढं तीव्र ॲसिड नाही.

हिशोब घरीच करा. मिठात ५३६ची मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या १० ग्रॅम मिठात ०.१ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला रोज १.५ मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित धरतात, तिथवर पोचायला १५० ग्रॅम मीठ खावं लागेल, आणि तेवढं खाल्लं तर आधी मीठच आडवं करेल.