गच्चीवरचा पंप आणि मीटर रूममधला खटका

सकाळी साडेसहाला वॉचमनची हाक : "साहेब, पंप परत पडला." मुलुंडच्या आमच्या सात मजली सोसायटीत दोन आठवडे हेच चाललं होतं. वरच्या मजल्यांच्या नळांना जोर मिळावा म्हणून गच्चीवर नवा प्रेशर पंप बसवला, गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हसकट. गच्चीवर पावसाचा मारा, म्हणून ड्राइव्ह ठेवला तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये आणि तिथून डक्टमधून तीसेक मीटर केबल वर नेली. पंप सुरू झाला की मिनिटभरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा खटका, खाली. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून पाहिला, मोटरचं इन्सुलेशन ठणठणीत. मग इलेक्ट्रिशियनचा नेहमीचा तोडगा : "ती काढून डायरेक्ट करून देतो, काय होत नाय."

पंप चालला असता, यात शंका नाही. पण भर जुलैत गच्चीवरच्या ओल्या लोखंडी पाइपाला कुणी हात लावला असता तर?

आरसीसीबी म्हणजे एक हिशेबनीस. तिच्या पोटात चुंबकीय गाभ्याचं कडं असतं. तिन्ही फेज आणि न्यूट्रल त्यातूनच जातात. गेलेला करंट तेवढाच परत आला तर बेरीज शून्य. आमची ३० मिलीअँपिअरची. म्हणजे एवढी तूट आली की पडलीच पाहिजे, आणि १५च्या पुढे कधीही पडली तरी चालतं. तूट माणसाच्या अंगातून गेली की आणखी कुठून, हे तिला कळत नाही.

आणि आमच्याकडे तूट खरीच होती. ड्राइव्ह आधी ४१५ व्होल्ट एसीचं साधारण ५६० व्होल्ट डीसी करतो. मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक खटके सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून त्या डीसीचे कमी-जास्त रुंदीचे तुकडे पाडतात आणि त्यातून मोटरला हवी ती फ्रिक्वेन्सी मिळते. नवी लोकल सुटताना खालून चढत जाणारा सूर येतो ना, तो याच घराण्यातला. गोम आहे तुकड्यांच्या कडांमध्ये. तिथे व्होल्टेज सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास शेकडो व्होल्टची उडी मारतं. केबलमधलं तांबं, त्यावरचं पीव्हीसी आणि शेजारची अर्थ वायर यांचा मिळून आपोआप एक कपॅसिटर झालेला असतो, आणि व्होल्टेज जितकं झपाट्याने बदलेल तितका जास्त करंट कपॅसिटरमधून अर्थला जातो. केबल लांब, तेवढा कपॅसिटर मोठा. मेगर डीसीवर मोजतो, त्याला यातलं काही दिसत नाही. ड्राइव्हच्या ईएमसी फिल्टरचे, म्हणजे विजेचा गोंगाट बाहेर जाऊ न देणाऱ्या भागाचे, कपॅसिटर तर मुद्दामच अर्थला जोडलेले. त्यांची भर वेगळी.

मला मात्र नको तेव्हा पडण्यापेक्षा हवं तेव्हा न पडण्याची जास्त भीती वाटते. ड्राइव्हच्या आतल्या डीसी भागात बिघाड झाला तर गळणारा करंटही सपाट डीसी असतो. तो गाभ्याला इतका चुंबकून टाकतो की साधी आरसीसीबी आंधळी होते; मग खराखुरा शॉकही तिला दिसेलच असं नाही. आमच्या आरसीसीबीच्या तोंडावर चौकोनात फक्त एक नागमोडी रेघ होती, म्हणजे एसी टाइप. थ्री-फेज ड्राइव्हला लागते बी टाइप. तिच्यावर सपाट डीसीची सरळ रेघही छापलेली असते. किंमत कितीतरी पट. कमिटीत त्यावरून व्हायचा तो वाद झालाच.

तोवर ड्राइव्हची स्विचिंग फ्रिक्वेन्सी, म्हणजे त्या खटक्यांच्या उघडझापीचा वेग, १२ वरून ४ किलोहर्ट्झवर आणली. कडा कमी, गळती कमी, खटका टिकला. पण ४ किलोहर्ट्झला माणसाचा कान फार तिखट असतो. तिसऱ्या दिवशी सातव्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या : "पाणी छान येतंय हो, पण तुमचा पंप रात्रभर शिट्टी मारतो." शेवटी बी टाइप आणली, ड्राइव्ह पाणी न शिरणाऱ्या पेटीत घालून गच्चीवर पंपाशेजारी नेला. मोटरपर्यंतची केबल तीन मीटर उरली, फ्रिक्वेन्सी पुन्हा १२ केली. तेवढ्यावर ड्राइव्ह जास्त तापतो, म्हणून पेटीसाठी एक पंखाही घ्यावा लागला.