पटकथा वेगळी, संवाद वेगळे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं एकांकिका लिहिणारी पोरं भरपूर. त्यांतलं कुणी सिनेमाकडं वळलं की पानांचा गठ्ठा पुढ्यात ठेवतं आणि सांगतं, "पटकथा झाली." उघडून बघावं तर सगळे संवाद. ते चांगलेही असतात. आपल्या भागातल्या लोकांचा कान पक्का आहे. पण ती पटकथा नव्हे.

पडद्यावर काय दिसणार, कुठं, कधी आणि कशाच्या मागोमाग, याची मांडणी म्हणजे पटकथा. त्या मांडणीत माणसं तोंडानं जे बोलतात ते संवाद. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन श्रेयं वेगळी येतात ती यासाठीच.

समजा, धाकट्या भावाला थोरल्याच्या नकळत शेत विकायचंय. नाटकाची सवय असलेला लेखक दोघांना समोरासमोर उभं करून भांडायला लावील. पटकथेत असंही करता येतं:

बाह्य. खडेबाजार. दिवस.
झेरॉक्सच्या दुकानात धाकटा उभा, हातात शेताचा उतारा. रस्त्यापलीकडून थोरला बघतो. हाक मारायला हात उचलतो, खाली घेतो, गर्दीत निघून जातो.

अंतर्गत. स्वयंपाकघर. रात्र.
दोघे जेवताहेत.
थोरला : कुठं गेलतास रे?
धाकटा : कुठं नाही. घरातच होतो की.
थोरला त्याच्या ताटात भाकरी वाढतो.

बोलणं रोजचंच आहे. बाजारातलं दृश्य काढून टाका, त्यात काही उरत नाही. ते ठेवलं की धाकट्याचं खोटं आपल्याला कळतं, थोरल्यालाही कळतं, आणि तो गप्प राहून भाकरी वाढतो. हा चटका पटकथेनं दिला. बोलीचा बाज संवादांनी दिला, आणि तोही मोलाचाच, कारण त्यावरूनच ही माणसं आपल्या भागातली वाटतात.

मराठी-कन्नड दोन्ही ऐकत वाढलेल्यांना हा फरक आणखी एका ठिकाणी दिसेल. 'सैराट' 2016 चा. त्याचा कन्नड रीमेक 'मनसु मल्लिगे' 2017 मध्ये आला, नायिका रिंकू राजगुरूच. रीमेकमध्ये प्रसंगांचा सांगाडा सीमा ओलांडून जातो. संवाद मात्र त्या भाषेत नव्यानं लिहावे लागतात.

सिनेमात ही दोन्ही कामं पुष्कळदा एकच माणूस करतो. ठरलेल्या साच्यात लिहिलेलं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब धरतात. दैनंदिन मालिकेत माणसं बहुधा वेगळी असतात. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं हाती लागतात. त्यांत दृश्यं किती, कुठल्या क्रमानं, भाग कुठल्या वळणावर थांबवायचा, हे पटकथालेखक बांधून देतो. संवादलेखक त्यात पात्रांचं बोलणं भरतो. मालिकेत शिरायचं असेल तर यांतलं आपल्याला काय जमतं ते आधी ओळखा. नुसत्या चांगल्या संवादांवरही तिथं काम मिळू शकतं.

पटकथेचा हात बसवायचा असेल तर आवडीच्या मालिकेचा एक भाग आवाज बंद करून बघा. प्रत्येक दृश्यात काय बदललं ते एकेका ओळीत लिहा. ज्या दृश्यापुढं काही लिहिता येणार नाही, ते नुसत्या बोलण्यावर चाललेलं असणार. ते कागदावर घ्या आणि एकही शब्द न बोलता तेच कसं दाखवता येईल, ते लिहून बघा.