कपाटाला गोदरेज, कॉम्प्युटरला काय?

आमच्या फोर्टच्या सीए ऑफिसात एक हिरवं लोखंडी कपाट आहे, गोदरेजचं, मोठ्या सरांनी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हाचं. क्लायंटच्या फाइली, करारपत्रं सगळं त्यात, एक चावी सरांच्या खिशात आणि दुसरी त्यांच्या गिरगावच्या घरी. गुप्तता हे काही आजचं खूळ नाही, वकिलांना ती १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पाळावी लागते आणि सीएंच्या १९४९ च्या कायद्यात तर स्पष्टच आहे की क्लायंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर सांगितली तर ते व्यावसायिक गैरवर्तन.

मग कॉम्प्युटर आले आणि आम्ही विंडोजच्या पासवर्डलाच कुलूप समजून बसलो. मी पण. काही वर्षांपूर्वी ऑफिसचा एक लॅपटॉप बंद पडला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नेला, तिथल्या पोराने चार स्क्रू काढले, हार्ड डिस्क बाहेर काढून केसिंगमध्ये टाकली, स्वतःच्या मशीनला वायर जोडली आणि दोन मिनिटांत आमचे सगळे फोल्डर स्क्रीनवर, पॅन, बॅलन्सशीट, सगळं. पासवर्ड कुणी विचारलाच नाही! डेटा शाबूत निघाला म्हणून आधी आनंद झाला आणि मग पोटात गोळा आला, कारण हाच लॅपटॉप मी रोज डोंबिवली लोकलच्या रॅकवर ठेवायचे.

पासवर्ड म्हणजे नुसता दारावरचा वॉचमन, आत डिस्कवर सगळं सरळ वाचता येईल असंच लिहिलेलं असतं. एन्क्रिप्शन ते लिखाणच बदलून टाकतं, किल्ली नसेल तर हाती नुसता कचरा.

हे तंत्र जुनंच आहे. अमेरिकेने १९७७ मध्ये डीईएस हे एन्क्रिप्शनचं स्टँडर्ड आणलं, किल्ली ५६ बिटची (बिट जितके जास्त तितकी किल्ली शोधून काढणं अवघड), पण १९९८ मध्ये ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने खास मशीन बांधून ते ५६ तासांत फोडून दाखवलं. मग २००१ मध्ये दोन बेल्जियन लोकांनी बनवलेलं एईएस हे नवं स्टँडर्ड आलं, किल्ली कमीत कमी १२८ बिटची, आजही तेच चालतं.

आपल्याकडे मात्र सरकारला गुंडांपेक्षा कुलपाचीच भीती जास्त असं माझं मत. इंटरनेट कंपन्यांच्या लायसन्समध्ये अट होती की ४० बिटच्या वरचं एन्क्रिप्शन परवानगीशिवाय वापरायचं नाही, वर किल्लीचे दोन भाग करून सरकारकडे जमा करा. सप्टेंबर २०१५ मध्ये तर एन्क्रिप्शन पॉलिसीचा मसुदा आला, एन्क्रिप्ट न केलेला साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवा म्हणे, एवढा गदारोळ झाला की लगेच मागे घेतला. दुसऱ्या बाजूने जबाबदारी वाढतच होती, आयटी कायद्यात ४३ए कलम आलं, निष्काळजीपणे डेटा सांभाळलात तर भरपाई द्या, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी!

आणि साधन? अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं मायक्रोसॉफ्टचं बिटलॉकर २००७ मध्ये विंडोज विस्टाबरोबर आलं खरं पण महागड्या एडिशनमध्येच, आम्ही सगळे स्वस्त होम एडिशनवाले. तेच काम करणारं फुकटातलं ट्रूक्रिप्ट २००४ पासून होतं, ते मे २०१४ मध्ये बनवणाऱ्यांनीच अचानक बंद केलं, आता सुरक्षित समजू नका, बिटलॉकर वापरा असं लिहून. व्हेराक्रिप्ट हे दुसरं फुकट सॉफ्टवेअर ट्रूक्रिप्टच्याच कोडमधून निघालं, पण छोट्या ऑफिसात हे सांगणार कोण?

लॅमिंग्टन रोडनंतर आम्ही विंडोजची प्रो एडिशन घेऊन बिटलॉकर चालू केलं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे अडीअडचणीची किल्ली, निघते, ती हरवली आणि मशीन ती मागून अडलं तर आपला डेटा आपल्यालाच बंद. मी प्रिंट काढली, पाकिटात घातली आणि हिरव्या कपाटात ठेवली. मोठ्या सरांनी चष्म्यावरून बघितलं, म्हणाले, "अगं एकच काढलीस? दुसरी गिरगावला पाठव."