बाटलीबंद पिण्याचे पाणी

बाटली, जार किंवा पाउच अशा मोहोरबंद वेष्टनात भरून थेट पिण्यासाठी विकले जाणारे पाणी. भारतात त्याचे दोन मुख्य प्रकार मानले जातात आणि भारतीय मानक ब्यूरोने दोहोंसाठी स्वतंत्र मानके ठरवली आहेत : नैसर्गिक खनिजयुक्त पाण्यासाठी आयएस १३४२८ आणि इतर पॅकबंद पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १४५४३.

नैसर्गिक खनिजयुक्त पाणी झऱ्यातून किंवा भूगर्भातील जलधर थरातून थेट घेतले जाते आणि उगमाजवळच भरले जाते. गाळणे, निवळणे, हवा मिसळून लोह-मँगनीज वेगळे करणे अशा मोजक्या प्रक्रियांनाच त्यात मुभा असते, कारण त्यातील क्षारांचे मूळ प्रमाण बदलता कामा नये. हिमाचल प्रदेशातील सिरमौर जिल्ह्यात भरले जाणारे ‘हिमालयन’ हे याचे परिचित उदाहरण होय. असे पाणी महाग असते आणि बाजारातील त्याचा वाटा अल्प आहे.

ग्राहक ‘मिनरल वॉटर’ म्हणून मागतो ते बहुधा दुसऱ्या प्रकारचे असते. कूपनलिकेचे, नळाचे किंवा अन्य कोणतेही पाणी वाळू व सक्रियित कार्बनच्या गाळण्यांतून नेऊन, आरओ पटलातून (दाबाखाली पाणी जाऊ देणाऱ्या व क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यातून) क्षार कमी करून, अतिनील किरण व ओझोन यांनी निर्जंतुक केले की ते या प्रकारात बसते. आरओने फार क्षार निघून गेल्यास काही उत्पादक कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार पुन्हा मिसळतात. विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण लिटरमागे ७५ ते ५०० मिलिग्रॅम असावे, असा नियम आहे. हे पाणी कमी प्रतीचे नव्हे, मात्र त्याची शुद्धता उगमावर नव्हे, तर कारखान्यातील दक्षतेवर अवलंबून असते. आरओमध्ये उपसलेल्या पाण्याचा मोठा भाग टाकून द्यावा लागतो, ही बाब टंचाईग्रस्त तालुक्यांत गंभीरपणे घ्यायला हवी.

मुंबईत १९६५ च्या सुमारास ‘बिसलेरी’ काचेच्या बाटल्यांतून विकले जाऊ लागले आणि १९६९ मध्ये ती नाममुद्रा पार्लेने घेतली. २००१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेला अनेक नाममुद्रांच्या पाण्यात कीटकनाशकांचे अंश आढळले, तेव्हा त्यांच्या मर्यादा कठोर करण्यात आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयएसआय चिन्हाची सक्ती उठली; त्यानंतर अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) हे पाणी अतिजोखमीच्या अन्नपदार्थांत घातले.

सोडा आणि चवदार पाणी यांची गणना निराळी होते. ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी बॅटरी व प्रयोगशाळेसाठी असते.

महाराष्ट्रात लग्नसमारंभांना आणि कार्यालयांना पुरवले जाणारे थंड पाण्याचे जार मात्र पुष्कळदा मोहोरबंद नसतात. त्यांवर परवाना क्रमांक, भरल्याची तारीख वा तुकडी क्रमांक नसेल, तर ते पाणी या दोन्ही मानकांच्या बाहेरचे आहे, असेच समजावे.