जाहीरनामा (गोव्याच्या इतिहासातील)

राज्यसत्तेने आपली आज्ञा, बंदी, सवलत किंवा सत्तांतराची वार्ता सर्वांना कळावी आणि ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास कोणाला जागा उरू नये, या हेतूने केलेले प्रकट निवेदन म्हणजे जाहीरनामा. सनद एखाद्याच्या हाती पडते, जाहीरनामा मात्र सगळ्यांच्या कानी घालावा लागतो. आज हा शब्द उच्चारताच निवडणुकीतील पक्षांची आश्वासने आठवतात. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. मराठी मुलखात ढोल वाजवून केलेल्या घोषणेला दवंडी म्हणत. पोर्तुगीज अमलात राजाच्या नावाने निघे तो ‘आल्व्हारा’, ढोलाच्या गजरात पुकारला जाई तो ‘बांदो’ आणि दारावर वा भिंतीवर डकवला जाई तो ‘एदिताल’.

दगडावर कोरलेल्या राजाज्ञांची परंपरा या किनाऱ्यावर जुनी आहे. अशोकाच्या आज्ञालेखांचे तुकडे कोकणात सोपाऱ्यास सापडले आहेत. गोव्यात बांदिवडे येथील नागेशीच्या देवळातील १४१३ चा शिलालेख विजयनगरच्या अमलातील असून त्यात देवस्थानाला दिलेल्या जमिनीची नोंद आहे. अशा लेखांचा मजकूर गावातल्या फार थोड्यांना वाचता येई. म्हणूनच कोकणपट्टीतील दानशिलांवर अक्षरांच्या जोडीला चित्रे दिसतात. वर सूर्य-चंद्र कोरून दान कायमचे असल्याचे सांगितलेले असते. काही शिळांवर दान मोडणाऱ्यासाठी गाढवाची शिवी खोदलेली असते आणि ती समजायला अक्षरओळख लागत नाही. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळातील शके १५९० (१६६८) चा लेख याहून वेगळा आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाला, एवढेच तो संस्कृतात सांगतो. नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरील या देवाचे मूळ देऊळ पोर्तुगीजांनी पाडले होते, हे ध्यानात घेतले तर ती ओळ केवळ बांधकामाची नोंद राहत नाही.

१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी आफोंसो दि आल्बुकर्क याने गोवा जिंकले. त्यानंतर सोळा वर्षांनी निघालेल्या १५२६ च्या ‘फोराल’ने, म्हणजे हक्क-रिवाजांच्या सनदेने, गावकरीचे (गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे) जुने रिवाज लेखी मान्य केले. नव्या सत्तेने जुनाच कायदा आपल्या शिक्क्याखाली जाहीर करावा, असा हा प्रकार होता; महसूल वेळेवर हवा तर गावकऱ्यांना दुखवून चालणार नव्हते. लिस्बनच्या आज्ञा वर्षातून एकदा, वाऱ्यांचे वेळापत्रक पाळणाऱ्या ताफ्यातून येत. जहाजे मार्च-एप्रिलात निघत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्यास लागत आणि उत्तर घेऊन परतायला डिसेंबर-जानेवारी उजाडे. त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यात दीड वर्ष सहज जाई. १५९५ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या दप्तरखान्यात हा पत्रव्यवहार ‘मान्सूनच्या वह्या’ या नावाने बांधून ठेवलेला आहे.

जाहीरनाम्याची ताकद आणि त्याची मर्यादा सर्वांत स्पष्ट दिसते ती भाषा आणि रीतिरिवाजांवरील बंद्यांत. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीतून गोवा कसेबसे बचावले आणि पुढच्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय कोंदे दि आल्व्होर याने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीजच बोलावे. ज्या भाषेवर गदा आणली ती कोकणी आज राज्याची राजभाषा आहे.

१४ एप्रिल १७३६ चा इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, एदिताल तर घराच्या उंबरठ्याच्या आत शिरतो. बाटलेल्या कुटुंबांनी लग्नात ओव्या गाऊ नयेत, नवरानवरीला हळद-तेल लावू नये, पानविडा आणि फुले धाडू नयेत, एकादशीला उपास करू नये, भात मिठाशिवाय शिजवू नये, मृताच्या घरी जमीन शेणाने सारवू नये, अंगणात-परसात तुळस लावू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये. धर्मांतराला काही ठिकाणी दोनशे वर्षे होत आली असताना या साऱ्याची मनाई करावी लागली, याचाच अर्थ हे सारे चालू होते. बंदी घालण्यासाठी केलेली ही यादी अठराव्या शतकातील गोमंतकीय घरांचे इतके बारकाईचे वर्णन ठरली आहे की तत्कालीन लग्नविधी अभ्यासणाऱ्याला तिच्याकडे वळावेच लागते.

उलट प्रकारही घडला. पोर्तुगालचा प्रबळ मंत्री पोंबाल याच्या काळात २ एप्रिल १७६१ च्या आल्व्हाराने आशियातील ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क दिले आणि त्यांना वर्णावरून हिणवणाऱ्यांना शिक्षा सांगितली. गोव्यातील अधिकाऱ्यांना तो रुचला नाही आणि १७७४ पर्यंत त्याची अंमलबजावणी रखडली. ज्याने पुकारायचे त्यानेच तोंड मिटले, तर आज्ञा कागदावर राहते.

भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला खरा, पण पुढे छपाई बंद पडली आणि १८२१ पर्यंत सरकारी आज्ञा हाताने लिहून, वाचून आणि डकवूनच लोकांपर्यंत जात राहिल्या. १८२१ मध्ये ‘गॅझेटा द गोवा’ निघाले. ७ डिसेंबर १८३७ पासून सरकारी ‘बोलेतीं’ (राजपत्र) सुरू झाले. आज हीच परंपरा राज्य शासनाच्या तीन मालिकांतील राजपत्रात चालू आहे.

तोंडी घोषणेची परंपरा मात्र छपाईने संपली नाही. गोवा मुक्तिलढ्यातील कार्यकर्ते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे १९५५ पासून सीमेलगतच्या रानातून गुप्त नभोवाणी चालवत होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज फौजा शरण आल्यावर दोघे भारतीय विमानात बसले आणि ध्वनिक्षेपकावरून कोकणी व पोर्तुगीज भाषांत, गावांच्या माथ्यावरून फिरत, गोवा मुक्त झाल्याचे सांगत राहिले. खाली शेतांत आणि वाड्यांवर ज्यांनी ते ऐकले, त्यांच्यासाठी सत्तांतर त्या क्षणी झाले. गोवा, दमण व दीव यांना संघराज्य क्षेत्र म्हणून संविधानात घालणारी बारावी घटनादुरुस्ती १९६२ मध्ये संमत झाली आणि ती २० डिसेंबर १९६१ पासून, म्हणजे त्या आकाशातल्या दवंडीच्या दुसऱ्या दिवसापासून, लागू मानण्यात आली.