नॉनबायनरी लिंगनोंद (ठाणे व नवी मुंबई)

स्त्री किंवा पुरुष यांपैकी कोणत्याच रकान्यात न बसणाऱ्या व्यक्तीची लिंगओळख सरकारी कागदपत्रांवर नोंदवण्याची पद्धत. भारतात 'नॉनबायनरी' असा वेगळा रकाना नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली. पुढे २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाच्या व्याख्येत 'जेंडरक्विअर' (स्त्री-पुरुष या दोन चौकटींत न बसणारी व्यक्ती) हा शब्द आला आणि नॉनबायनरी व्यक्तींना तेवढीच वाट मिळाली. कागदावर उमटते ते 'ट्रान्सजेंडर', सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर त्याचे होते 'तृतीयपंथी'. हिजडा परंपरेशी जोडलेला हा शब्द अनेकांना आपला वाटत नाही, पण अर्जात दुसरा पर्यायही नाही.

खालील पद्धत २०१९ चा मूळ पाठ आणि २०२० चे नियम यांप्रमाणे आहे. त्यानंतरची दुरुस्ती अर्जापूर्वी तपासावी.

ही नोंद ज्याच्या आधारे होते ते ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. अर्ज केंद्राच्या राष्ट्रीय पोर्टलवर करता येतो. नमुना १ मधील अर्ज, नमुना २ मधील प्रतिज्ञापत्र, फोटो आणि ओळख व पत्त्याचा पुरावा एवढे लागते. वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणीची अट २०२० च्या नियमांत नाही. प्रतिज्ञापत्रावरच निर्णय होतो. तरीही कोणी दवाखान्याचा कागद मागितला, तर बहुधा अधिनियमाचे कलम ६ (हेच ओळख प्रमाणपत्र) आणि कलम ७ यांची गल्लत झालेली असते. कलम ७ शस्त्रक्रियेनंतर नोंद 'स्त्री' किंवा 'पुरुष' करून घेण्यासाठी आहे, त्यामुळे नॉनबायनरी व्यक्तीला त्याचा उपयोग नाही. प्रमाणपत्र देण्याची मुदत ३० दिवसांची. अर्ज फेटाळल्यास ९० दिवसांत अपील करता येते. अल्पवयीनांसाठी पालक अर्ज करतात.

या भागात अर्ज अडकतो तो जिल्ह्यावरून. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत, म्हणून अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे इथल्या पत्त्यांवरही लोक 'नवी मुंबई' लिहितात, पण जिल्हा रायगड, आणि जिल्हाधिकारी बसतात अलिबागला. बेलापूर आणि खारघर ही हार्बर मार्गावरची लागोपाठची स्थानके, मध्ये जिल्ह्याची हद्द. बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे हा अर्ज घेऊन जाण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण भाडेकरूंची. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग १२ महिने राहत असावा लागतो, तर भाडेकरार सहसा ११ महिन्यांचे असतात. घर बदलले असल्यास जुना आणि नवा असे दोन्ही करार जोडावेत. मधल्या काळात खारघरहून नेरूळला आलेल्यांचे वर्ष मात्र नव्याने मोजले जाते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर आधी आधार दुरुस्त करावे, कारण बाकीची बरीच कार्यालये आधारशी पडताळून पाहतात. इथे घाई महागात पडते: आधारवर लिंगबदल एकदाच, नावबदल दोनदाच होतो. म्हणून नाव बदलायचे असेल, तर अर्ज भरण्यापूर्वीच नवे नाव आणि त्याचे इंग्रजी स्पेलिंग पक्के करावे. प्रमाणपत्रावर तेच उतरते. त्यानंतर पॅन. त्याच्या अर्जात २०१८ पासून तिसरा पर्याय आहे. त्याआधी आधारवर 'ट्रान्सजेंडर' आणि पॅनवर स्त्री किंवा पुरुष अशी विसंगती राहून जोडणी अडायची. पारपत्र, मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका, वाहन परवाना, बँक पासबुक हेही नियमांच्या परिशिष्टात आहेत, आणि प्रमाणपत्र दाखवून अर्ज केल्यावर १५ दिवसांत बदल करून देण्याचे बंधन आहे.

जन्मदाखला मात्र जन्म जिथे नोंदला गेला तिथलेच निबंधक दुरुस्त करतात. जन्म सोलापूरचा असेल, तर ठाणे महापालिकेला त्यात काही करता येत नाही. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रांसाठी मुंबई विभागीय मंडळ वाशीत आहे, पण अर्ज आधी शाळेमार्फत न्यावा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव आणि नवे नाव यांचा मेळ तिथेच घातला जातो.